मॅनिफोल्ड खोलल्याशिवाय काजळी निघत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीच्या तोंडावर मोटारींच्या सर्विसिंगच्या जाहिराती सुरू झाल्या आहेत आणि यंदाही त्यात ‘इंजिन डीकार्बनायझेशन’ (डीकार्ब), म्हणजे इंजिनातली काजळी काढायचं पॅकेज ठळक अक्षरांत आहे. पिकअप वाढेल, ॲव्हरेज वाढेल, काम अर्ध्या तासात. माझं शिवाजी उद्यमनगरात गॅरेज आहे. आयटीआय झाल्यापासून याच भागात हातात पाना आहे. या जाहिराती वाचून लोक माझ्याकडे विचारायला येतात, आणि जे आधीच पैसे भरून आले आहेत ते बिल घेऊन येतात. त्या सगळ्यांना मी एकच गोष्ट सांगतो आणि तीच इथं लिहितो. इंजिनात हवा नेणाऱ्या पाईपांच्या जुडग्याला मॅनिफोल्ड म्हणतात, त्यातून हवा ज्या वाटेनं सिलिंडरमध्ये जाते तो इनटेक पोर्ट, आणि त्या वाटेचं उघडझाप करणारं दार म्हणजे व्हॉल्व्ह. पोर्टमध्ये आणि व्हॉल्व्हच्या पाठीवर बसलेली काजळी, म्हणजेच कार्बन, मॅनिफोल्ड खोलल्याशिवाय निघत नाही. बॉनेट उघडून नळी जोडून जे काही केलं जातं, त्यानं इंजिनाचा दुसरा एखादा भाग साफ होत असेल, हा होत नाही.

या पावसाळ्यात गडहिंग्लजकडचे एक निवृत्त शिक्षक त्यांची टर्बो पेट्रोल गाडी घेऊन आले. सकाळी पहिल्यांदा सुरू केली की गाडी मिसिंग मारायची, म्हणजे एखाद्या सिलिंडरात पेट्रोल नीट पेटायचं नाही, सगळी बॉडी थरथरायची आणि दोन-तीन मिनिटांनी आपोआप शांत व्हायची. आंबोली घाटात चढाला ओढत नव्हती. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये त्यांनी काही हजार रुपये देऊन डीकार्ब करून घेतलं होतं. आठवडाभर बरी वाटली, मग पुन्हा तेच. मी स्कॅनर लावला तर मिसफायरचा कोड, पी०३००. ठिणगी पाडणारे प्लग नवे होते. प्लगला वीज देणारी कॉईल एका सिलिंडरची दुसऱ्याला लावून बघितली, दोष कॉईलच्या मागे गेला नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, सगळीकडे ठीक. मग मॅनिफोल्ड उतरवला आणि सरांना टॉर्च देऊन आत बघायला सांगितलं.

व्हॉल्व्हची दांडी पेन्सिलीपेक्षा बारीक असते आणि गुळगुळीत असते. इथं तिच्याभोवती काळी खपली चढून ती अंगठ्याएवढी जाड झाली होती. पोर्टच्या तोंडाशी बोट फिरवलं तर ग्रीससारखा ओला काळा थर बोटाला आला. आत, व्हॉल्व्हच्या बशीजवळ, तोच थर दगडी कोळशासारखा कडक झाला होता, पेचकसाच्या टोकानं टोकरला तर टणटण वाजायचा. हवा जायची वाट एका बाजूनं जवळजवळ निम्मी बुजली होती. सर बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “मग मी पैसे कशाचे दिले?” प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर त्यांच्यासारख्या शेकडो लोकांना मिळायला हवं.

ही काजळी येते कुठून, ते आधी सांगतो. जुन्या साध्या पेट्रोल (एमपीएफआय) गाड्यांत पेट्रोलचा फवारा मारणारा इंजेक्टर पोर्टमध्ये बसलेला असतो. हवेच्या दाबाच्या तीन-चार पट, म्हणजे तीन-चार बार दाबानं तो पेट्रोल थेट इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर मारतो. पेट्रोलमध्ये साफ करणारी रसायनं असतात, त्यामुळे व्हॉल्व्ह दर फवाऱ्याला धुऊन निघतो. म्हणूनच लाख-दीड लाख किलोमीटर पळालेल्या साध्या पेट्रोल गाडीचं हेड उतरवलं तरी व्हॉल्व्ह बऱ्यापैकी स्वच्छ सापडतात. आता आलेल्या डायरेक्ट इंजेक्शन गाड्यांत इंजेक्टर सिलिंडरच्या आत आहे. तिथं दाब २०० ते ३५० बार. इंधन नेमकं पडतं, ताकद जास्त मिळते. इंजिन चांगलंच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण पेट्रोल आता व्हॉल्व्हच्या पाठीला शिवतच नाही, आणि धुणारा गेला तरी घाण येणं थांबत नाही.

पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस खाली ऑइलच्या चेंबरमध्ये निसटतो. तो बाहेर हवेत सोडायला बंदी आहे, म्हणून पीसीव्ही नावाच्या वेगळ्या छोट्या व्हॉल्व्हमधून तो परत इनटेकमध्ये ओढला जातो. त्याच्याबरोबर ऑइलची बारीक वाफ येते. व्हॉल्व्हच्या दांडीच्या सीलमधूनही थेंबभर ऑइल उतरतं. इनटेक व्हॉल्व्ह तापलेला, त्यावर ऑइल बसतं, करपतं, त्यावर पुढचा थर बसतो. आपल्याकडं गुऱ्हाळावर काईलीच्या कडेला रस उतू जाऊन करपतो आणि लगेच पुसला नाही तर पुढच्या आधणाला त्यावर आणखी चढतो, अगदी तसं.

मोटारींत डायरेक्ट इंजेक्शनचं तंत्र मोठ्या प्रमाणावर आणलं मित्सुबिशीनं, १९९६ साली. टोयोटानं २००५ मध्ये एकाच इंजिनाला दोन्हीकडे इंजेक्टर दिले, एक सिलिंडरमध्ये आणि एक पोर्टमध्ये. पोर्टमधल्या इंजेक्टरमुळे व्हॉल्व्ह पुन्हा धुतला जाऊ लागला. बीएमडब्ल्यूनं तर आपल्या वर्कशॉपसाठी अक्रोडाच्या टरफलानं पोर्ट साफ करायची हत्यारंच काढली. म्हणजे ही अडचण बनवणाऱ्यांनाही ठाऊक आहे. आपल्याकडं पोलो जीटी टीएसआय २०१३ ला आली, व्हेन्यूचं टर्बो २०१९ ला, एक्सयूव्ही ७०० चं पेट्रोल इंजिन २०२१ ला, फ्रॉन्क्सचं टर्बो २०२३ ला. ही सगळी डायरेक्ट इंजेक्शनची. त्यातल्या पहिल्या गाड्यांचं वय आता दहाच्या पुढं गेलंय आणि बाकीच्यांचं होत जाईल. येत्या काही वर्षांत हे काम आपल्या गल्लीगल्लीत येणार आहे.

आता विकल्या जाणाऱ्या उपायांकडं येतो. पेट्रोलच्या टाकीत ओतायची बाटली घ्या. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत ती बाटली इंजेक्टरचं तोंड साफ करील, सिलिंडरमधला कार्बन थोडा कमी करील. व्हॉल्व्हच्या पाठीला तिचा थेंबही लागणार नाही, कारण त्या वाटेनं पेट्रोल जातच नाही. ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे व्हॉल्व्हवर कार्बन वाढला का, असंही लोक विचारतात. उत्तर तेच. जे पेट्रोल तिथं पोहोचत नाही, ते तिथं घाण करीत नाही आणि धूतही नाही.

हायड्रोजनचं मशीन लावून काम करणारे सांगतात की गॅस कार्बन जाळून टाकतो. हा गॅस इनटेकमधून जातो खरा, पण पेटतो तो सिलिंडरमध्ये, ठिणगी पडल्यावर. पोर्टमध्ये आग नसते. मग तिथला कोळसा जळणार कसा? आधी आणि नंतर पोर्टचा फोटो मागा, एवढंच म्हणणं आहे. धुराड्यातून बाहेर आलेला काळा धूर म्हणजे पोर्ट साफ झाल्याचा पुरावा नव्हे.

तिसरा प्रकार म्हणजे इंजिन चालू ठेवून इनटेकमध्ये स्प्रे मारणं. हा मला खरोखर धोक्याचा वाटतो. एअर फिल्टरच्या पुढून मारला तर हवा मोजणाऱ्या सेन्सरची नाजूक तार खराब होते. खपली मऊ झाली आणि तुकड्यानं सुटली, तर ती सिलिंडरमधून एक्झॉस्टमध्ये आणि तिथून टर्बोच्या पात्यांवर जाते. आणि डिझेल इंजिनात कुणी हे करू नये. डिझेलला ठिणगी लागत नाही. इनटेकमधून जे जळण्यासारखं येईल त्यावर ते पळतं. स्प्रे जास्त गेला तर रेस आपोआप चढत जाते आणि चावी काढूनही इंजिन बंद होत नाही. त्या वेळी जवळ उभा असतो तो बहुतेक वेळा सतरा-अठरा वर्षांचा शिकाऊ पोरगा.

डिझेलची गोष्ट थोडी वेगळी आहे. डिझेल गाडीत इंजेक्टर पहिल्यापासूनच इनटेक पोर्टमध्ये नसतो, आणि त्यात ईजीआरची भर पडली आहे. ईजीआर म्हणजे एक्झॉस्टमधला थोडा धूर परत इनटेकमध्ये सोडायची सोय. त्यानं जळण थोडं थंड होतं आणि नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड कमी तयार होतात. कल्पना उत्तम. पण त्या धुरातली काजळी आणि पीसीव्हीतून येणारं ऑइल एकत्र आलं की डांबर तयार होतं. १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन, जे एकेकाळी स्विफ्ट डिझायरपासून इंडिका व्हिस्टापर्यंत सगळीकडे होतं, त्याचा मॅनिफोल्ड मी खोलतो तेव्हा आत चमच्यानं खरवडून काढावं एवढं निघतं. राजारामपुरी ते शाहूपुरी असं दिवसभर गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत जास्त, पुणे-बेंगळुरू हायवेवर पळणाऱ्या गाडीत कमी. २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत पुढं डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी गाळणीही आहे. हवा कमी पडली की धूर वाढतो, धूर वाढला की डीपीएफ लवकर भरतो. मग गिऱ्हाईक डीपीएफ बदलायचं एस्टिमेट घेऊन येतं, आणि मूळ दुखणं इनटेकमध्येच असतं.

यावर एक सोपी वाट अनेक जण सुचवतात, ईजीआरला पत्रा मारून बंद करायचा. मी ते काम करीत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, आणि त्याहून मोठं म्हणजे तो विषारी वायू मग आपल्याच पोराबाळांच्या छातीत जातो. साफ करता येणारी वस्तू बंद कशासाठी करायची?

आता बरोबर काम कसं होतं ते सांगतो, म्हणजे गिऱ्हाइकाला समोर उभं राहून बघता येईल. प्लग काढून इंजिन हातानं, क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) बोल्टवर सॉकेट लावून, चालतं त्याच दिशेनं फिरवायचं. ज्या सिलिंडरचं काम करायचं त्याचे दोन्ही इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण बंद आहेत हे टॉर्चनं बघायचं. तीन सिलिंडरच्या इंजिनात तिन्हींचे एकदम बंद नसतात, म्हणून एक झालं की पुन्हा फिरवायचं. बाकीच्या पोर्टमध्ये स्वच्छ फडकं कोंबायचं. मग पोर्टवर बसणारा ॲडॉप्टर लावायचा. त्याला एका बाजूनं व्हॅक्यूम जोडलेला असतो आणि दुसरीकडून ब्लास्टिंग गनची बारीक नळी आत जाते. अक्रोडाच्या टरफलाचा रवा साधारण सहा-सात बार हवेनं मारायचा. टरफल कार्बन फोडतं, पण ॲल्युमिनियमच्या पोर्टला आणि व्हॉल्व्हच्या बसायच्या कडेला ओरखडा काढत नाही. चुकून कणभर आत राहिलं तर जळून जातं. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर असावाच लागतो. कोल्हापूरच्या पावसात तो नसेल तर रव्याचे गोळे होऊन गन तुंबते. प्रत्येक पोर्ट झाला की कॅमेरा आत घालून बघायचं, धातू दिसेपर्यंत. नीट करायला दिवस जातो. घाई केली तर दुसऱ्या पोर्टमध्ये काहीतरी पडतं.

ज्यांच्याकडं ब्लास्टिंग नाही, त्यांनी केमिकल टाकून भिजवून, नायलॉनच्या ब्रशनं घासून काढलं तरी चालतं. वेळ जास्त लागतो, हात दुखतात, पण काम होतं. तिथंही व्हॉल्व्ह बंद पाहिजेत. उघड्या व्हॉल्व्हमधून केमिकल सिलिंडरमध्ये साठलं आणि तसाच स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

आपल्या भागासाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. कोल्हापूर हे फौंड्रीचं गाव. वाळू, स्टील शॉट, ब्लास्टिंगचं सामान इथं हाताशी मिळतं, आणि टरफलाचा रवा बाहेरून मागवावा लागतो. त्यामुळे वाळूनं पोर्ट ब्लास्ट करायचा मोह होतो. वाळूनं साफ केलेली एक गाडी माझ्याकडं आली तेव्हा तिच्या सिलिंडरवर उभे ओरखडे होते आणि ती ऑइल खात होती. इंजिन खोलून बोअरचं काम निघालं. वाळू जळत नाही. ती पिस्टन आणि सिलिंडरच्या मध्ये फिरत राहते. दागिन्यांच्या पॉलिशसाठी टरफलाचा रवा विकणारे लोक आहेत, त्यांच्याकडून मागवा, पण वाळू आणि काचेची पूड इंजिनाजवळ आणू नका. कॉस्टिक सोड्याचंही तेच. लोखंडी हेडच्या काळात सगळं कॉस्टिकच्या पिंपात बुडवायची सवय होती. आताचे मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचे किंवा प्लास्टिकचे आहेत. ॲल्युमिनियम कॉस्टिकमध्ये फसफसून विरघळतं आणि त्यातून हायड्रोजन निघतो. बंद खोलीत, शेजारी वेल्डिंग चालू असताना, तो कसा पेट घेईल सांगता येत नाही.

आणि हे काम करणाऱ्या पोरांबद्दल. बऱ्याच ठिकाणी मी बघतो, पोरगं मॅनिफोल्ड मांडीवर घेऊन पेचकसानं खरवडतं आणि मग कॉम्प्रेसरची हवा मारतं. काळा ढग उठतो. नाक, डोळे, कानाच्या पाळ्या काळ्या. संध्याकाळी नाक शिंकरलं तरी काळंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ सालीच डिझेलचा धूर माणसात कर्करोग करतो असं नक्की केलंय. आपण मॅनिफोल्डमधून काढतो ती काजळी त्याच धुरातली. एन-९५ मास्क, नायट्राइलचे हातमोजे आणि फुंकण्याऐवजी ओढणारा व्हॅक्यूम, एवढं प्रत्येक गॅरेजमालकाला परवडतं. पोरांनी मास्क लावला की “लई नाजूक झालास काय” म्हणून चिडवणारे मालक आणि जुने मिस्त्री आहेत. त्यांनी कृपा करून हे थांबवावं. ही पोरं आपल्या भरवशावर आलेली असतात. त्यांच्या घरच्यांनी त्यांना धंदा शिकायला पाठवलंय.

धुतलेल्या केमिकलचं, काळ्या पाण्याचं काय होतं तेही शहरानं बघावं. ते गटारात जातं, गटारातून जयंती नाल्यात आणि नाल्यातून पंचगंगेत. जळकं ऑइल धोकादायक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत येतं आणि ते नोंदणी असलेल्या रिसायकलवाल्यालाच द्यायचं असतं. मोठ्या वर्कशॉपना ती सोय आहे. आमच्यासारख्या दोन-चार गाड्यांच्या गॅरेजकडं महिन्याला एखादा डबा जमतो, तेवढ्यासाठी कुणी येत नाही. महापालिकेनं आणि प्रदूषण नियंत्रण मंडळानं उद्यमनगरात एखादा ठिकाणा ठरवून द्यावा, जिथं जळकं ऑइल, काळं केमिकल आणि काजळीनं माखलेलं कॉटन वेस्ट ठरलेल्या दिवशी नेऊन देता येईल. वाहून नेण्याचा खर्च आम्ही करू. जागा आणि उचलणारा माणूस मिळाला पाहिजे.

गाडीवाल्यांना एवढीच विनंती. सकाळचं मिसिंग, चढाला दम कमी, न्यूट्रलला रेस वर-खाली, ही लक्षणं कार्बनची असतात तशी प्लगची, कॉईलची, फुटलेल्या व्हॅक्यूम पाईपचीही असतात. आधी ती तपासायला सांगा. मग पोर्टमध्ये कॅमेरा घालून फोटो दाखवायला सांगा. पातळ काळा थर सगळ्याच गाड्यांत असतो, त्याला हात लावायची गरज नाही. खपली दिसली तरच काम काढा. गाडीच्या कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल घाला आणि ते वेळेत बदला, पीसीव्हीचा पडदा फाटलाय का तेवढं दर मोठ्या सर्विसिंगला बघून घ्या, म्हणजे खपली चढायला पुष्कळ वर्षं लागतील. काम झाल्यावर प्रत्येक पोर्टचा फोटो पुन्हा मागा, आणि मॅनिफोल्डचं गॅस्केट (सांध्यातली पट्टी) नवं घातलंय ना ते विचारून जुनं गॅस्केट हातात घ्या. जो मॅनिफोल्ड खोललाच नाही, त्याचं जुनं गॅस्केट कुणी दाखवू शकणार नाही.

आपला,
एक गॅरेजचालक, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर